अडकित्त्यानं कापलेली सनद

आमच्या बारामतीच्या घरात माणसांपेक्षा राजे जास्त राहत होते. ट्रंकेत राजे, हंड्यात राजे, काकीच्या लुगड्यांच्या घडीत राजे. एकदा पापडाच्या डब्यात हात घातला तर पापडाऐवजी साताऱ्याचे छत्रपती हाताला लागले. आईबाप मी रांगत असतानाच पटकीनं गेले आणि मला वाढवलं चुलत्यानं. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. तात्या गुळाचा आडत्या. पुढं दुकान आणि मागं घर, त्यामुळं आमच्या अंगाला बारा महिने गुळाचा वास आणि मुंगळे. सगळ्याच माणसांना झोपेत मुंगळे चावतात असं मला मिसरूड फुटेपर्यंत वाटत होतं. पहाटे काकीचं जातं सुरू व्हायचं, मग दुकानात गडी घणानं ढेपा फोडायचे. त्या घणाचा आवाज इतका मोठा की समोरच्या शिंप्याच्या म्हशी आमच्या तालावर दूध द्यायच्या. ढेपा फुटायच्या थांबल्या की म्हशी आटल्या.

तात्याला राजांचं वेड कसं लागलं ते सांगतो. तो काळ वतनं खालसा होण्याचा. सरकारनं वतनं काढली तशी लोकांना वाटलं, आता त्या जुन्या कागदांना कोण विचारतो. पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्यात पुजलेले कागद वाण्याकडं रद्दीत गेले. एकदा तात्यानं निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात शेंगदाणे घेतले आणि पुडी उलगडली, तर आत कुणाला तरी किल्लेदार नेमल्याचा हुकूम, वर लिंबाएवढा गोल शिक्का. तात्यानं शेंगदाणे खाल्ले आणि किल्लेदार खिशात घातला. तेव्हापासून तो गुळाच्या ढेपेला सनद घेऊ लागला. ज्याच्याकडं शिक्क्याचा कागद असेल त्याच्या दारात ढेप नेऊन ठेवायची आणि कागद मागायचा. किल्लेदाराची नेमणूक, मशालजीची नेमणूक, हत्तीला आंघोळ घालणाऱ्याची नेमणूक, काही म्हणजे काही सोडलं नाही. मोडी त्यानं एका पेन्शनर मास्तरांकडून शिकून घेतली. पण खरंखोटं ओळखायचं ते जिभेनं. जुनी शाई काजळाची, म्हणून शाईचं टोक चाटायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "काजळ हाय. चालंल." आणि मला शिकवायचा, "राजा सही करत नसतोय रं. राजा वर शिक्का मारतो आन् खाली मोर्तब. वर डोकं, खाली पाय. मधलं कारकुनाचं."

ढेपेवर सगळेच राजी होत नसत. मग माझी गरज लागे. मी तेव्हा अठराचा असेन, तालमीत घुमत होतो. जोर मारताना माझ्या छातीखालची तांबडी माती दबून खड्डा पडायचा, आणि वस्तादांनी त्यात एकदा पावसाचं पाणी साठवून म्हैस धुतली. तात्या मला सोबत न्यायचा तो यासाठी. कागद गोळा करणं हा शांत, डोळ्यांना चष्मा लावून करायचा छंद आहे असं आज पुण्यातली माणसं मला सांगतात तेव्हा मी माझ्या डाव्या कानाला हात लावतो. तो अर्धाच आहे. उरलेला कळंबमध्ये राहिला. तिथल्या तिघा भावांपैकी दोघांनी हसत हसत कागद दिला, आणि आम्ही उंबरा ओलांडतोय तोवर तिसरा रानातून पहार घेऊन आला. मी गाडीचं जू उपसलं. घाईत बैल सोडायचे राहिले, त्यामुळं मी जू फिरवलं तसे बैलही फिरले. तिसरा भाऊ एका बैलाखाली आणि मी तिसऱ्या भावाखाली, आणि त्या गडबडीत त्यानं कान तोडला. तात्याचे पुढचे दातही असेच गावोगाव पेरलेले होते. नात मला विचारते, आजोबा, कान कुणी खाल्ला. मी वाघानं म्हणतो. खरं सांगितलं तर पोरीचा विश्वास बसायचा नाही.

पण तात्याच्या जिवाला घोर होता तो एकाच कागदाचा. निमगाव आणि वरकुटे इथं एकाच घराण्याच्या दोन शाखा होत्या. आडनाव काही का असेना, पंचक्रोशी त्यांना वकील म्हणायची. कोर्टकचेरीचे वकील नव्हेत. फार मागं त्यांच्या एका पूर्वजाला साताऱ्याच्या महाराजांनी हैदराबादच्या दरबारी आपला माणूस म्हणून नेमलं होतं. अशा माणसाला तेव्हा वकील म्हणत. दोन राजांचं भांडण पेटलं की यानं मधे बसून विझवायचं, हे त्याचं काम. त्या नेमणुकीचा कागद घराण्यात होता. तो छातीशी धरून हा पूर्वज दोन फौजांच्या मधून चालत गेला आणि दोन्हीकडच्या तोफा आपोआप खाली वाकल्या, असं ते लोक सांगत. शिक्का अंगावर असलेल्या वकिलावर जो हात टाकेल त्याचा वंश बुडतो, ही त्यांच्या घरातली शपथ. भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ ते मोडत, पण ही नाही.

पुढं दोन भावांची वाटणी झाली. जमीन दोरीनं मोजली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, जात्याचा वरचा दगड एकाला आणि खालचा दुसऱ्याला. उरला हा कागद. थोरला म्हणाला माझा, धाकटा म्हणाला माझा. पंच पान खात बसले होते. त्यांच्यातल्या एकानं कंटाळून पानदानातला अडकित्ता काढला आणि कागद मधोमध कापला. सुपारी कापावी तसा, वेडावाकडा. शिक्क्याचं डोकं थोरल्याबरोबर निमगावला गेलं, मोर्तबाचे पाय धाकट्याबरोबर वरकुट्याला. पण अर्ध्या कागदाची पूजा देवाला पोचत नाही असं भटजींनी सांगितलं, म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी दोन्ही शाखा दोन्ही गावांच्या मधल्या माळावर सौंदडाच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली जमायच्या आणि दोन तुकडे एका पाटावर शेजारी ठेवून पुजायच्या. आता दसऱ्याला काय असतं? घरातलं प्रत्येक हत्यार घासूनपुसून, धार लावून, झेंडूची फुलं वाहून बाहेर काढलेलं असतं. त्यामुळं ज्याच्या पूर्वजानं राजाराजांत तह घडवले त्या वंशात दरसाल सोनं वाटायच्या आधी डोकी फुटायची. कुणाचा तुकडा पाटावर आधी ठेवायचा, एवढ्यावरून. मी त्या झाडाखाली तीन बोटं वेचून दिलेली आहेत. ज्याची त्याला मिळाली की नाही, देव जाणे.

वरकुट्याचे कारभारी दौलतराव. डोळ्यात साखर, पोटात कात्री. तात्या ढेपा घेऊन गेला तसे ते म्हणाले, "गूळ काय करायचा, तात्या? आमच्या रानात ऊस हाय. तुमच्या घरात लेक हाय, आमच्या घरात ल्योक हाय. सोयरीक झाली की कागद काय आन् घर काय, समदं तुमचंच."

लेक म्हणजे माझी चुलतबहीण, सुभद्राआक्का. माझ्याहून थोडी मोठी, अंगानं काडी आणि हाताला लोखंड. लहानपणी तिनं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं आणि रडलो म्हणून वर काढून पुन्हा ढकललं. तात्यानं तिला वरकुट्याला दिली. नवरा रंगनाथ, आमचे रंगूदाजी, माणूस गाईसारखा. कुणी मारलं तर वाट सोडायचा. लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि तात्यानं मांडवातच हात पुढं केला. दौलतराव हसले. "कागद घरातच हाय की. तुमची लेक बी घरातच हाय. कवाबी या, बघून जावा."

त्या दिवसापासून काकीनं तात्याला वाढणं सोडलं. भाकरी करायची, कोरड्यास करायची, ताट तात्याच्या समोरून गडगडत सोडून द्यायची. आमटीचा थेंब कुठल्या भिंतीवर जाईल याचा नेम नसे. तात्यानं एकदाच विचारलं, "मीठ हाय का गं यात?" तर पाट्यावरचा वरवंटा उचलून तिनं असा भिरकावला की तो दुकानातून, रस्त्यावरून, शिंप्याच्या म्हशीवरून गेला आणि दळणवाल्याच्या ओट्यावर जाऊन पडला. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "पोरगी दिली कागदापायी. आता कागदच खावा."

तात्यानं मग एक डाव रचला. दोन्ही घरी जाऊन तो पटवू लागला की तुकडे एकदा जोडून टाकू. जोडलेलं फिरून कापणं महापाप. आणि जोडल्यावर कागद ठेवायचा कुठं, तर बारामतीला माझ्याकडं, तिऱ्हाइताच्या घरी. डोकी फुटायची बंद होतील. निमगावचे हैबतराव म्हणजे सहा फूट माणूस, त्यावर फूटभर फेटा आणि फेट्यावर राग. त्यांचा थोरला मुलगा मागच्या दसऱ्याला एका डोळ्यानं गेला होता. ते म्हणाले, "जोडा. पर माझ्या शिक्क्याला दुखलं तर तुमालाबी जोडावं लागंल." दौलतराव लगेच व्हय म्हणाले, त्याअर्थी ते नाही म्हणत होते. काकीनं ऐकलं आणि मला एकीकडं घेतलं. "कागद आण न्हायतर नको आणूस. त्या झाडाखाली आक्काचा नवरा उभा ऱ्हाणार हाय. त्यो मला आख्खा पायजे." आक्काला तेव्हा दिवस गेले होते.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही माळावर गेलो. ऊन असं की सावल्यासुद्धा झाडाखाली येऊन बसल्या होत्या. एका बाजूला निमगावचे, एका बाजूला वरकुट्याचे, मधे पाट. कुऱ्हाडी, भाले, कोयते, सगळ्यांना झेंडूच्या माळा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं फुलांचा बाजार भरलाय. तात्यानं घरून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून पितळेच्या तांब्यात आणली होती. हैबतरावांनी वरचा तुकडा ठेवला, दौलतरावांनी खालचा. तात्यानं दोन्हींच्या कडा बोटांनी सरळ केल्या. अडकित्त्याच्या त्या वाकड्या दोन कडा एकमेकींत बसल्या आणि तात्या हुंदका दिल्यासारखा हसला. त्यानं कडेला खळ लावली.

आणि दौलतरावांनी साखरेच्या आवाजात विचारलं, "तात्या, चिकटवताना कुणाची कड वर येणार वो?"

आता दोन कागद चिकटवायचे म्हणजे एकाची कड दुसऱ्यावर चढणारच. ही गोष्ट आम्हा कुणाच्या, खुद्द तात्याच्या डोक्यात आलेली नव्हती. दोन्ही बाजूंचे हात आपापल्या दांड्यांवर गेले.

हैबतराव म्हणाले, "शिक्का वर. त्यात इचारायचं काय?"

"म्हंजी आमच्या बापजाद्यानं तुमच्या खाली ऱ्हायचं?"

"ऱ्हायलाय की. पाय हाईत न्हवं तुमी?"

पहिला घाव कुणी घातला ते सांगता येत नाही, कारण पहिले दहाबारा घाव एकदमच पडले. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, आणि त्यांच्यामागून रक्त. एकाचा जबडा माझ्या डोळ्यांदेखत बाजूला गेला. कोयत्यानं एकाच्या हाताची कातडी केळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली आणि तो गडी त्या हाताकडं नवलानं बघत उभा राहिला. मी दोघांना दोन काखांत धरून एकमेकांवर आपटत होतो. ते दोघं एकाच बाजूचे होते हे मागाहून कळलं. मला शोधायचे होते दाजी. ते दिसले तेव्हा हैबतरावांनी कुऱ्हाड उगारलेली होती, दौलतरावांच्या डोक्यावर. दौलतराव मागं सरकून धोतरात पाय अडकून पडले. आणि आमचे दाजी, जन्मात कधी कुणाच्या आडवे न आलेले, ते बापाच्या आडवे आले. कुऱ्हाड मानेच्या आणि खांद्याच्या मधे शिरली. हैबतरावांनी ती उपसली तेव्हा चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज झाला. इथं मी काही वाढवून सांगत नाही. एवढ्या एका आवाजापुरतं तरी नाही.

दाजी खाली बसले, झोपायला बसावं तसे. रक्त कारंज्यासारखं येत होतं. आक्का बायकांच्या घोळक्यातून पोट सांभाळत धावत आली आणि दोन्ही हात जखमेवर दाबून बसली, पण बोटांतून ते वाहतच होतं. शेजारीच तात्या गुडघे टेकून वाकला होता. कुणी पाय देऊ नये म्हणून त्यानं दोन्ही तुकडे छातीशी कवटाळले होते. त्याच्या पाठीवर लाथा बसत होत्या आणि त्याला त्यांचा पत्ताही नव्हता.

"तात्या, कागद द्या हिकडं," आक्का म्हणाली.

तात्यानं तिच्याकडं पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून नाही, समजत नाही म्हणून.

आक्कानं एक हात जखमेवरून काढला आणि त्या रक्ताळलेल्या हातानं बापाच्या कानाखाली अशी वाजवली की तात्याचे राहिलेले दातही हलले. "मला दिली तवा एवढं धरलं हुतं का?" ती म्हणाली.

तात्याचे हात सुटले. तिनं खालचा तुकडा ओढून जखमेवर थापला. जुना हातकागद, कापडासारखा जाड आणि मऊ, त्याला कडेला ओली खळ. तो चिकटून बसला. पण जखम मोठी होती, वरून रक्त येतच होतं. तेव्हा तात्यानं वरचा तुकडा, ज्याच्यासाठी त्यानं दात दिले, गूळ दिला, लेक दिली तो, स्वतःच्या हातानं तिथं ठेवला आणि तळव्यानं दाबला. वाकड्याला वाकडी कड जुळली. कुणाची कड वर आली ते मी पाहिलं आहे. सांगणार मात्र नाही. पंच्याऐंशीत आलो आहे, सुखानं मरायचं आहे.

हैबतरावांच्या डोक्यात अजून रक्त होतं. त्यांनी कुऱ्हाड पुन्हा उचलली. तात्या उठला नाही की ओरडला नाही. नुसता दाजींच्या खांद्याकडं बोट करून म्हणाला, "हाणा, हैबतराव. तुमच्या महाराजांचा शिक्का हाय त्याच्या अंगावर."

कुऱ्हाड तिथंच थांबली. हैबतरावांनी त्या शिक्क्याकडं पाहिलं, त्याच्या कडेनं झिरपणाऱ्या रक्ताकडं पाहिलं, आणि कुऱ्हाड हातातून गळाली. तिच्या दांड्याला अजून झेंडूची माळ होती. मागं कुणीतरी कुणाला तरी हाणतच होतं, तर हेच गरजले, "थांबा रं मुडद्यांनो, वकील पडलाय."

त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर म्हणतात, म्हातारा फेकतोय. निमगावच्या गाडीत वरकुट्याचं अंथरूण घालून दाजींना इंदापूरला नेलं. बैल निमगावचे, गाडीमागं पळणारे वरकुट्याचे. डॉक्टर कागद ओरबाडायला गेले तसे हैबतराव एका बाजूनं आणि दौलतराव दुसऱ्या बाजूनं त्यांच्या अंगावर वाकले. "अर्धा आमचा हाय, हळू."

"माणूस वाचवायचाय की कागद?" डॉक्टर म्हणाले.

"दोनी," दोघं एकदम म्हणाले. वाटणी झाल्यापासून दोन्ही शाखा एका शब्दावर आल्या त्या तिथं. दुसऱ्यांदा आल्या फौजदारापुढं. गडी सौंदडावरून पडला, असं सगळ्यांनी सांगितलं. "आणि हे बाकीचे?" फौजदारांनी विचारलं. हैबतराव म्हणाले, "त्याला झेलाय गेल्ते."

कागद कोमट पाण्यानं भिजवत भिजवत सोडवला. तात्या उशाशी ताटली घेऊन बसला होता. ताटलीत शेवटी राहिला तांबडा लगदा, कोंड्यासारखा. तात्यानं त्यात बोट बुडवून सवयीनं जिभेला लावलं, आणि थुंकलं नाही. गिळलं. काजळ आहे की नाही ते मात्र बोलला नाही. दाजी वाचले. दोन्ही घरांतून रोज मटणाचा रस्सा यायचा, कुणाचा जास्त झणझणीत यावर बायकांत बोलाचाली व्हायची, आणि दाजी बिचारे दोन्ही वाट्या संपवायचे.

आम्ही बारामतीला परतलो त्या दिवशी काकीनं हुलग्याची शेंगोळी केली होती. तात्या भिंतीकडं तोंड करून, ताट कुठून गडगडत येतंय याची वाट बघत बसला. काकी समोर आली, वाकली, आणि वाटीत शेंगोळी घातली. वर तेल सोडलं. "मीठ बघा," म्हणाली. तात्या बघेना. त्याच्या गालावर आक्काची पाच बोटं अजून उमटलेली होती. खाली मान घालून त्यानं सगळं संपवलं. पुढं त्यानं नवा कागद आणला नाही. असलेले राजे मात्र ट्रंकेतच राहिले, आणि मुंगळे त्यांनाही सोडत नसत.

आता पुढच्या दसऱ्याला पुजायचं काय, हा प्रश्न आला. झाडाखाली पाट मांडलेला, दोन्ही बाजूंना फुलं वाहिलेल्या कुऱ्हाडी, आणि पाटावर काही नाही. सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग आक्का कडेवर पोर घेऊन पुढं आली आणि दाजींना म्हणाली, "कुडतं काढा." आणि त्यांना पाटावर बसवलं. खांद्यावर ही एवढी जखम भरून आलेली, वाकडी, अडकित्त्याच्या कापासारखी. मी शपथेवर सांगतो, तिच्या वरच्या अंगाला शिक्का उलटा उमटलेला होता आणि आरसा धरला तर वाचता यायचा. हैबतरावांनी वरून हळद लावली, दौलतरावांनी खालून कुंकू. अशी कित्येक वर्षं गेली. दाजींना दरसाल गुदगुल्या व्हायच्या आणि हसू नये म्हणून ते पाटाची कड घट्ट धरून बसायचे. त्या झाडाखाली पुन्हा बोट पडलं नाही.

गेल्या साली दाजी गेले. भरपूर जगून, झोपेत. मी काठी टेकत वरकुट्याला गेलो तर अंगणात निमगावचे आणि वरकुट्याचे, नातू-पणतू, मोबाईल बाळगणारी पोरं, तिरडीच्या दोन बाजूंना उभी. कुणीच पुढं होईना. म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. मग निमगावच्या पोरांनी न सांगता डोक्याकडची बाजू धरली आणि वरकुट्याच्या पोरांनी पायाकडची. उचलताना त्यांच्यात क्षणभर खेचाखेच झाली, तिरडी कलली, आणि ओट्यावरून आक्काचा आवाज आला. तिच्या हाताला अजून लोखंड आहे, मी लांब उभा होतो.

"नीट धरा रं," ती म्हणाली. "ह्यांची वाटणी न्हाय व्हायची."